ठकूची मखमल, आईची कात्री

फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं हे तिसरं वेळापत्रक होतं. पहिलं निळ्या शाईचं, दुसरं तीन रंगांचं, आणि या तिसऱ्यात लाल शाईशिवाय काही नव्हतं. तिन्ही आईने तयार केली होती आणि पाळायची होती ठकूने. तुमच्याही घरात असं एखादं वेळापत्रक असेल. ते कोण बनवतं आणि कोण त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

ठकू सोळा वर्षांची. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर, घरात ठकूच. तिला पोशाखकलेच्या संस्थेत प्रवेश हवा होता, आणि तो मिळवायची रीत जरा निराळी होती. संस्थेने प्रत्येक उमेदवाराला सारखंच कापड दिलं होतं: दोन मीटर गडद हिरवी मखमल, ना कमी ना जास्त. सहा आठवड्यांत त्यातून हवा तो पोशाख, हव्या त्या मापाचा, स्वतः शिवून आणायचा. सोबत एक कामाची वही आणायची आणि तिच्यात कुठल्या दिवशी काय केलं ते लिहायचं. कापड बिघडलं तर दुसरं मिळणार नव्हतं. जागा होत्या चाळीस आणि उमेदवार होते तीनशेच्या वर.

ठकूने मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, "मी कोट शिवणार. लांब बाह्यांचा."

त्याला आता चार आठवडे झाले होते. मखमल अजून कपाटातच होती, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. आणि ठकू? ठकू पलंगावर पालथी, हातात मोबाईल, पाय हवेत.

"ठकू, चौदा दिवस राहिले गं."

"माहितीये."

"माहितीये तर ऊठ ना!"

"आई, मी विचार करतेय."

मोबाईलमध्ये डोकं घालून कसला विचार होतो, हे आईला कळेना. कामावर जाताना ती दिवस मोजायची, येताना पुन्हा मोजायची, जणू संध्याकाळपर्यंत एखादा वाढणार होता. ठकूचे बाबा बसचे चालक, त्यांच्या पाळ्या अशा की घरी असले तर झोपलेले. ते म्हणायचे, "करेल गं ती." आणि कूस बदलायचे. त्यांचं काय जातं म्हणायला!

आई स्वतः शिवणकामाच्या कारखान्यात कापणीवर होती. वीस वर्षं शाळांच्या गणवेशांचं सुती कापड कापत होती. कात्री हातात धरली की तिचा हात थांबायचा नाही. पण घरात तिला रोज दिसत होतं ते कपाटातलं न कापलेलं कापड, आणि त्या कापडाबरोबर वाया चाललेलं लेकीचं वर्ष. एवढी संधी हातची गेली तर पोरगी आयुष्यभर रडेल, असं तिला वाटत होतं.

गुरुवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ठकू शाळेत होती. आईने कपाट उघडलं, मखमल काढली आणि जेवणाच्या टेबलावर पसरली. ठकूच्या पलंगाजवळच्या पिशवीत वर्तमानपत्रावर काढलेले कोटाचे नमुने होते, तेही घेतले. फक्त कापून ठेवू, तिने मनाशी म्हटलं. शिवेल तीच. नुसतं कापून दिलं तर तिचा आठवडा वाचेल, आणि कोणाला कळणारही नाही.

नमुने मांडताना शेवटचा भाग मावेना, चार बोटं कापड कमी पडत होतं. पण वीस वर्षांचा हात तो! तिने पुढचा एक भाग डोकं खाली, पाय वर असा उलटा फिरवून दुसऱ्याच्या शेजारी बसवला. झकास मावला. गणवेशाचं सुती कापड असंच उलटसुलट लावून वाचवतात. याच कामावर तिला कारखान्यात दोनदा शाबासकी मिळाली होती. खडूची रेघ ओढली, कात्री चालवली, आणि तासाभरात कोटाचे सगळे भाग घडी करून ठेवले. त्या दुपारी कित्येक दिवसांनी ती स्वस्थ बसून चहा प्यायली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई कामावरून आली, तेव्हा ठकू खिडकीशी उभी होती. दोन्ही हातांत कोटाचे पुढचे दोन भाग.

"हे कुणी कापलं?"

"अगं, मी म्हटलं तुझा तेवढा वेळ..."

"बघ इकडे," ठकू म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यानेच आई जास्त घाबरली.

आईने पाहिलं. एक भाग गर्द हिरवा होता. दुसरा फिकट, पांढुरका, उन्हात पडून विटल्यासारखा. तिला वाटलं, कापडातच डाग होता की काय!

"मखमलीला लव असते, आई. वरून खाली हात फिरवला तर मऊ लागते, खालून वर फिरवला तर अडते. सगळे भाग एकाच दिशेने कापायचे असतात. एक उलटा कापला की त्याचा रंगच वेगळा दिसतो." ठकूने कामाची वही तिच्यापुढे टाकली. "पहिल्या पानावर लिहिलंय. पहिल्याच!"

खरंच लिहिलं होतं. 'लव खाली. सगळे भाग एकाच दिशेला. कोट मावत नाही, चार बोटं कमी. काय करावं?' त्याखाली चार पानं भरून आकृत्या होत्या, खोडलेल्या, पुन्हा काढलेल्या, पुन्हा खोडलेल्या. म्हणजे पोरगी खरोखरच विचार करत होती!

"मग मला सांगितलं का नाहीस?" आई कशीबशी म्हणाली.

"तू विचारलंस कधी? तू नुसती किती दिवस राहिले तेवढं सांगतेस! मला काय मोजता येत नाही?" आता मात्र ठकूचा बांध फुटला. "मला भीती वाटत होती कापायला. एकदा कापलं की संपलं ना? मोबाईल बघितला की तेवढा वेळ भीती जाते, म्हणून बघत होते. चूक होती माझी. वेळ घालवला मी. पण कापड माझं होतं, आई! बिघडवायचं होतं तर मी बिघडवलं असतं!"

आतल्या खोलीचं दार लागलं. आई टेबलाशी उभी राहिली, त्या दोन हिरव्यांकडे बघत.

शनिवारी कारखान्यात तिने तीन सदऱ्यांचे खिसे चुकीचे कापले. कापणीचे मास्तर लांबून बघत होते. साठी उलटलेला माणूस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानामागे कायम खडू. जेवणाच्या सुट्टीत ते डबा घेऊन तिच्यासमोर बसले.

"वीस वर्षांत तुझा खिसा चुकला नाही. काय झालंय?"

आईने सगळं सांगितलं. सांगताना दोनदा डोळ्यांना पदर लावला. मास्तर जेवत जेवत ऐकत होते.

"लवेचं कापड कधी हाताखालून गेलं नाही ना तुझ्या," ते म्हणाले. "ती चूक कुणाचीही झाली असती. मी त्याबद्दल बोलत नाही. मला एक सांग, पोरीला सकाळी कोण उठवतं?"

"मीच."

"दप्तर कोण भरतं?"

"ती भरते की. मी कधीकधी..."

"कधीकधी म्हणजे?"

"रोज," आई पुटपुटली.

"आणि अभ्यास किती वाजता, खेळ किती वाजता, हे कोण ठरवतं?"

आईला फ्रिजवरची लाल शाई आठवली.

"तू इथे नवी आलीस तेव्हाची पहिली कापणी आठवते? कॉलर उलटी लावली होतीस. मी शेजारीच उभा होतो, खिशात हात घालून. मला दिसत होतं."

"दिसत होतं? मग थांबवलं का नाही, मास्तर?"

"दीड हात कापड वाया गेलं, एवढंच ना? तू तर वाया गेली नाहीस! त्यानंतर तुझी एक कॉलर चुकली नाही."

आई उसळली. "तुमचं दीड हात कापड होतं, मास्तर! माझ्या पोरीचं अख्खं वर्ष आहे. तिथे मी खिशात हात घालून उभी राहू?"

"अगदी बरोबर बोललीस," मास्तर म्हणाले. "वर्ष मोठं आहे म्हणूनच सांगतो. तू तिला सोळा वर्षांत दीड हात कापडसुद्धा बिघडवू दिलं नाहीस. एखादी सकाळ उशिरा उठून चुकू दिली नाहीस, एक वही घरी विसरू दिली नाहीस. आणि आता एकदम तिच्यापुढे दोन मीटर मखमल आणि सहा आठवडे आले. ती भिणार नाही तर काय करणार? लहान चुका तू स्वतःकडे ठेवून घेतल्यास, म्हणून तिच्या वाट्याला ही पहिलीच इतकी मोठी आली!"

हे असं आईने कधी पाहिलंच नव्हतं!

"आपण कापतो त्याला बेतणं म्हणतात," मास्तर डबा बंद करत म्हणाले. "का म्हणतात? कापड किती आहे, माणूस केवढा आहे, हे बघून आधी डोक्यात बेत करायचा आणि मग कात्री लावायची. बेत एकाचा आणि कात्री दुसऱ्याची, असं झालं की जे होतं ते तुझ्या घरी झालं. जा, उरलेले दिवस तिचे तिला परत दे. आणि सल्ला मागितला तरच दे."

"आणि नाही जमलं तिला तर?"

मास्तरांनी कानामागचा खडू काढला. "तर नाही जमणार," ते म्हणाले. "ते मी कसं सांगू?"

या उत्तराने आईचं समाधान मुळीच झालं नाही. पण घरी गेल्यावर तिने आधी फ्रिजवरचं वेळापत्रक काढलं, मग आतल्या खोलीचं दार वाजवलं.

"ठकू, माझं चुकलं. कापड तुझं होतं. आता जे आहे आणि जेवढे दिवस आहेत, ते तुझे. मी हात लावणार नाही."

ठकूने रडून सुजलेले डोळे वर केले. "खरंच नाही लावणार?"

"नाही."

"मी चुकत असले तरी?"

"तरी."

दहा दिवस उरले होते. रविवारी सकाळी ठकूने जमिनीवर खाकी कागदाची एक लांब पट्टी अंथरली आणि तिच्यावर दहा रकाने आखले. शाळा, झोप आणि जेवण वगळून रोज किती तास हातात राहतात ते मोजलं. साडेतीन. तेवढ्या उंचीचे रकाने केले. मग प्रत्येक कामाचा कागदी तुकडा कापला, जेवढे तास तेवढा लांब: बेतणं, कच्चे टाके, शिलाई, अस्तर, गळपट्टी, बाह्या, काखेचे मुंढे, वही. गृहपाठाचाही एक तुकडा रोजचा. कापडावर नमुने मांडावेत तसे ते तुकडे ती त्या पट्टीवर मांडू लागली, मोठे आधी आणि लहान मग उरलेल्या फटींत.

एका तुकड्यावर लिहिलं होतं: 'मोबाईल, अर्धा तास.' आईचं तोंड उघडलं. ती तशीच उठून बाल्कनीत गेली आणि वाळलेले कपडे पुन्हा झटकून पुन्हा वाळत घातले.

"मावत नाहीये," आतून आवाज आला. आईने दांडी घट्ट धरली. "बाह्या मावतच नाहीत. वेळेतही नाही आणि कापडातही नाही." कागद सरकवल्याचे आवाज येत राहिले. मग ठकू स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "कोट होत नाही आता. जाकीट होतं, बिनबाह्यांचं. तेही आठ वर्षांच्या मुलीच्या मापाचं. उलटा भाग फिरवून घेतला तर खालच्या रुंद बाजूतून नवा पुढचा भाग निघतो. बाह्यांच्या कापडातून गळपट्टी."

एवढा मोठा कोट आणि त्याचं एवढंसं जाकीट! पण आईने बाल्कनीच्या दारातून पाहिलं, ठकूने 'बाह्या' लिहिलेला तुकडा उचलला, क्षणभर हातात धरला आणि फाडून टाकला. त्या दिवशी दुपारी तिने स्वतःच्या हाताने मखमलीला कात्री लावली. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

पुढचे दिवस आईने कसे काढले ते तिलाच ठाऊक. मंगळवारी ठकूने अस्तर उलटं जोडलं. आईला दारातूनच दिसलं. ती आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून खुर्चीवर बसून राहिली. पाऊण तासाने ठकूच्या लक्षात आलं. ती चिडली, रडली, टाके उसवत बसली, आणि मग कागदी पट्टीवरचे तुकडे पुन्हा सरकवले. मोबाईलचा तुकडा त्या दिवसापुरता बाजूला गेला, तोही तिनेच काढला. शुक्रवारी ती अलार्म न ऐकता झोपून राहिली आणि सकाळचा तास बुडाला. आई दाराबाहेर तीन वेळा जाऊन परत आली. तिसऱ्यांदा बाबांनी तिला हाताला धरून बसवलं. "तुझ्याकडे बघून मलाच घाम फुटतोय," ते म्हणाले.

एकदाच मात्र तिला राहवलं नाही. शेवटून दुसऱ्या दिवशी ठकू वही पूर्ण करत होती. आईने खांद्यावरून वाचलं: 'पहिली कापणी माझी नाही. आईने केली.'

"अगं वेडे, हे कशाला लिहितेस? स्वतःच्या हाताने शिवायची अट आहे! तुला पहिल्या फटक्यात बाद करतील!"

"करतील कदाचित."

"मग खोडून टाक ना! कोण बघायला आलंय?"

ठकूने पेन खाली ठेवलं. "आई, हात लावणार नाही म्हणाली होतीस."

आई मागे सरली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त. आपल्या एका दुपारच्या कात्रीमुळे लेक बाद होणार!

पोशाख दाखवायच्या आणि मुलाखतीच्या दिवशी संस्थेच्या लांबलचक व्हरांड्यात उमेदवारांचे आईबाप बाकांवर बसले होते. जो तो घड्याळ बघत होता. एक बाई पोराचा शर्ट अजूनही ठीक करत होती. उकडत असल्यामुळे सगळ्या दालनांची दारं उघडीच होती. आई ठकूच्या दालनाच्या दाराला लागून बसली, आणि ठकू आत गेल्यावर तिला शब्दन् शब्द ऐकू येऊ लागला.

परीक्षक बाईंचा आवाज कोरडा होता. "पहिली कापणी तुझी नाही असं लिहिलंयस."

"हो. ती बिघडली. उरलेल्या तुकड्यांतून मी नव्याने बेतलं. हे जाकीट पूर्ण माझं आहे. वहीत तारखेवार लिहिलंय."

पानं उलटल्याचा आवाज आला. आईने डोळे मिटले.

"गळपट्टी सुरेख बसली आहे," बाई म्हणाल्या. "पण हा डावा मुंढा बघ. चुण्या पडल्यात. हे दिसलं नव्हतं तुला?"

आईला ती चुणी चार दिवसांपूर्वीच दिसली होती! पाच मिनिटांचं काम होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी...

"दिसलं होतं," ठकू म्हणाली. "माझ्याकडे शेवटचे दोन तास उरले होते. त्यात एकतर गळपट्टी नीट झाली असती, नाहीतर मुंढा. जाकीट घातलेल्या माणसाकडे बघताना आधी गळ्याकडे लक्ष जातं, मुंढा हाताखाली झाकला जातो. म्हणून दोन तास गळपट्टीला दिले."

आत पुन्हा पानं उलटली गेली.

"आणि तीन तास असते तर?"

"तर मुंढा उसवला असता. पण तीन नव्हते. एक मी झोपून घालवला होता."

दालनात कुणीतरी हसलं. त्या बाईच असाव्यात, कारण आवाज आता तितका कोरडा राहिला नव्हता. "इथे आज दिवसभर मी विचारतेय की हे असं का केलंस," त्या म्हणाल्या, "आणि निम्मी मुलं दाराकडे बघतात, आई बाहेर कुठे बसलीये ते शोधत. तू बघितलं नाहीस!"

दाराबाहेर आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती मुंढ्याची चुणी तिने दाखवली असती, तर मुंढा सरळ झाला असता. पण हे उत्तर ठकूला देता आलं नसतं. सोळा वर्षं आपण लेकीचा वेळ वाचवत होतो असं तिला वाटत होतं. प्रत्यक्षात तो वेळ कसा वापरायचा हे शिकण्याची संधीच आपण तिच्याकडून काढून घेत होतो, हे तिला त्या बाकावर बसून लख्ख कळलं.

चार वाजता यादी लागली. चाळीस नावांत ठकूचं नाव अडतिसावं होतं. खूप वरचं नाही, पण यादीत होतं! ठकूने आईचा हात धरून उडी मारली, आणि आईने आधी नाव तीनदा वाचून मग उडी मारली.

वाचकहो, आपल्या मुलांना वेळ, वस्तू आणि स्वतःची ताकद बेताने वापरता यावी, असं आपल्या सगळ्यांनाच वाटतं. पण जे त्यांच्या ताब्यात कधी दिलंच नाही, ते सांभाळायला ती कशी शिकणार? त्यांना लहान वयात लहान गोष्टी पूर्णपणे सोपवा, लहान चुका होऊ द्या, आणि त्या होत असताना जवळ उभे राहा. आपल्याला धडकी भरेल. ती आपली आपण सोसायची. तिच्यापायी मुलांच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही.